काळ्या पट्ट्याखालचा माग

खाणीतून फोन आला तेव्हा दगडू दाताच्या दवाखान्यात होती, आणि तिचा एकही दात दुखत नव्हता.

दवाखाना तिच्या नवऱ्याचा. दुपारी पेशंट नसले की त्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवर ती टॉवेल अंथरायची, टॉवेलवर दगड ठेवायची, डोक्यावरचा दिवा ओढून जवळ घ्यायची आणि दात कोरायच्या बारीक यंत्राने दगडातला प्राणी मोकळा करत बसायची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दंतवैद्याने हे हसण्यावारी नेलं. मग एका पेशंटने चूळ भरायच्या भांड्यात खडी सापडल्याची तक्रार केली, तेव्हा त्याने बायकोला वेगळं यंत्र आणून दिलं. खुर्ची मात्र तीच राहिली. माझे पेशंट तोंड उघडतात आणि ओरडतात, तो म्हणायचा, हिचे पंचवीस कोटी वर्षं मिटल्या तोंडाने पडून आहेत. हिच्यासारखी सुखी हीच.

दगडू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती शाळेतून खिसे भरून खडे आणायची आणि धुणं भिजवायच्या आधी ते काढता काढता आईच्या नाकी नऊ यायचे. त्या वैतागात आईनेच हे नाव ठेवलं. मुलाचं नाव मुलीला म्हणून भावंडं हसली, आणि हसता हसता ते चिकटलं. पुढे ती प्राध्यापक झाली, विद्यार्थी बाई म्हणू लागले, दूरदूरचे संशोधक तिचं मत विचारू लागले, पण घरात ती दगडूच राहिली. नातेवाइकांमध्ये कुणाला ती नेमकं काय करते हे सांगता यायचं नाही. डोंगर पोखरून उंदीर काढते, असं तिचे थोरले दीर म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, भावोजी, उंदीर कुठला, आमच्या नशिबात गोगलगाय.

तिचा विषय होता समुद्रातले फार जुने जीव आणि त्यांचा अंत. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर जन्मायच्याही आधी, असं काही घडलं की समुद्रातल्या दर दहा जातींपैकी नऊ नाहीशा झाल्या. एवढा मोठा संहार पृथ्वीने आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. योगायोग असा की शहराबाहेर सिमेंट कारखान्याची जी चुनखडीची खाण होती, तिच्या कड्यात ही सगळी हकीकत उभी होती. कड्याचा खालचा भाग करडा, आणि जीवांनी खच्चून भरलेला: शिंपले, पोवळी, वेटोळ्या शंखांचे अमोनाइट. त्यावर वीतभर जाडीचा काळा, मऊ पट्टा. पट्ट्याच्या वर पिवळसर, ठिसूळ थर, आणि त्यात काही नाही. हात फिरवत वर जावं, तर काळ्या पट्ट्याशी गर्दी संपायची आणि पुढे नुसता दगड लागायचा. त्या पिवळ्या भागाला सगळे मेलेला थर म्हणत.

फोनवर खाणीचा व्यवस्थापक होता. सकाळच्या सुरुंगानंतर काळा पट्टा वरच्या सगळ्या थरांना घेऊन घसरला, सायीसारखा सुटून आला, असं तो सांगत होता. खाली एक मोठी फरशी उघडी पडली होती. खेळाच्या मैदानाएवढी असेल, आणि तिच्यावर काय काय दिसत होतं. बाईंनी लवकर यावं, कारण खाणीच्या त्या बाजूचं काम संपलं होतं. थोड्या दिवसांत पाणी उपसायचे पंप काढले की सगळं बुडणार होतं.

दगडूने यंत्र बंद केलं. खुर्चीवरचा शिंपला तसाच टॉवेलमध्ये गुंडाळला आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, गाडी काढता का? आज मला चालवायला जमायचं नाही.”

का जमायचं नव्हतं, हे कळायला सरांची गोष्ट सांगायला हवी.

सर म्हणजे तिचे गुरू. तो कडा पहिल्यांदा वाचला तो त्यांनी. तरुणपणी दोरावर लटकून त्यांनी इंच न् इंच मोजला होता आणि कुठला प्राणी शेवटचा कुठे दिसतो हे ठरवलं होतं. त्यांच्या हिशेबाने ट्रायलोबाइट सगळ्यांत आधी गेले, पट्ट्याच्या कितीतरी खाली. हा खेकड्यांच्या लांबच्या नात्यातला, पाठीवर पेरांचं कवच असलेला, समुद्राच्या तळावर सरपटणारा जीव. मग पोवळी गेली. मग एकेक करत बाकीचे. पट्ट्यापर्यंत टिकले ते थोडेच. यावरून सरांनी मत मांडलं की समुद्र एकाएकी मेला नाही. दीर्घ आजारी माणसासारखा, लाखो वर्षं झिजत झिजत गेला. सरांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं विभागात म्हणत, आणि इथे तर दगडही काळा होता.

दगडूला हातोडी धरायला सरांनीच शिकवलं. दगड फोडायचा नसतो, ते सांगायचे, त्याला विचारायचं असतं की बाबा, तू कुठून उघडतोस. ती विचारत राहिली. सरांचं मोजणं संपलं तिथून तिचं सुरू झालं. त्यांनी महिनाभर शोधलं तिथे ती वर्षानुवर्षं शोधत राहिली, आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. जितकं जास्त शोधावं, तितकं त्या प्राण्यांचं आयुष्य वाढत होतं. जे पोवळं अमुक उंचीवर संपलं म्हणून सरांनी लिहिलं होतं, ते तिला वर सापडलं. दोन वर्षांनी आणखी वर. जाती दुर्मीळ होत्या एवढंच, मेलेल्या नव्हत्या.

हे तिने पहिल्यांदा सांगितलं ते नवऱ्याला, जेवणाच्या टेबलावर. तुमच्याकडे एक माणूस दर महिन्याला येतो आणि एक दहा वर्षांतून एकदा, ती म्हणाली. उद्या दवाखाना बंद पडला आणि मागाहून कुणी चौकशी केली, तर त्याला काय वाटेल? महिन्याचा माणूस शेवटपर्यंत होता आणि दहा वर्षांनी येणारा फार आधीच वारला. खरं म्हणजे तो घरी ठणठणीत बसलेला असतो, त्याचा दात दुखत नसतो इतकंच. दंतवैद्य घास तसाच हातात धरून म्हणाला की हे सरांना सांग, पण जपून सांग.

तिने जपूनच सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आणखी शोध म्हणाले. तिने शोधलं, आणि शेवटी लेख छापला: समुद्र झिजत गेला नव्हता, जवळजवळ सगळे शेवटपर्यंत होते आणि सगळे एकदम गेले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं विभागातले लोक बोलले. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी तिला कधी पाण्यात पाहिलं नाही, कुणापाशी वाईट शब्द काढला नाही. ते नुसते गप्प झाले. तिच्या व्याख्यानांना येईनासे झाले, मग निवृत्त झाले, आणि एकाच शहरात राहून दोघांची भेट व्हायची थांबली. कापडाचं सणंग लांब विणत जावं तशी ती शांतता वाढत गेली आणि कुठे कापावी हे दोघांनाही कळेना.

आणि दगडूच्या मनात एक गोष्ट सलत राहिली. पट्ट्याला टेकून एकही ट्रायलोबाइट तिला कधी मिळाला नव्हता. पोवळी मिळाली, शिंपले मिळाले, पण सरांनी ज्यांना सगळ्यांत आधी मेलेलं ठरवलं होतं ते मधे बरीच जागा रिकामी सोडून खालीच थांबले होते. तेवढ्यापुरतं सर बरोबर असतील, असं तिला कधीकधी वाटायचं.

खाणीच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा सुरुंगाचा वास अजून हवेत होता. व्यवस्थापकाने तिला टोपी दिली आणि उतारावरून खाली नेलं. वळण आलं, आणि दगडू थबकली.

समोर समुद्राचा तळ होता. दुसरा शब्द तिला सुचला नाही. करड्या दगडाची एक अखंड उतरती फरशी, पाण्याच्या लाटांनी वाळूवर उमटतात तशा बारीक वळ्या असलेली, ओली, चकाकणारी. आणि तिच्यावर सगळे जण जागच्या जागी. दोन झडपांचे शिंपले वाळूत अर्धे रुतून बसलेले, कुणी मिटलेले, कुणी किंचित उघडे. परातीएवढे अमोनाइट आडवे पडलेले, आणि नखाएवढेही. समुद्रलिली तर शेकड्यांनी. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी. लांब देठावर पिसांसारखे हात असलेला. त्या सगळ्या एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या, कुणी केस विंचरून ठेवावेत तशा. म्हणजे प्रवाह तिकडून इकडे वाहत होता. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे पाणी कुठल्या बाजूने वाहत होतं, हे तिला आत्ता, उभ्या उभ्या दिसत होतं.

इतकी वर्षं तिने ह्या जगाकडे कडेने पाहिलं होतं, पुस्तकाची पानं न उघडता नुसत्या कडा पाहाव्यात तसं. आज पान उघडलं होतं. तिने बूट काढले. व्यवस्थापक काहीतरी म्हणाला, सुरक्षेचे नियम वगैरे, पण त्याने अडवलं नाही. मोज्यांनी ती फरशीवर उतरली. बूट घालून ह्यांच्यातून चालणं तिला जमण्यासारखं नव्हतं. कुणाच्या घरात पाहुणे झोपलेले असावेत आणि आपण मधून वाट काढत जावं, तशी ती पाय जपून टाकत गेली. मधेच खाली बसून तिने एका शिंपल्यावर तळवा ठेवला. दगड गार होता. ह्याच्या वर फक्त काळा पट्टा होता. ह्यानंतर कुणी नव्हतं.

दंतवैद्य कडेला उभा होता. त्याला जीवाश्मांतलं ओ का ठो कळत नव्हतं, असं तो स्वतःच सांगायचा. पण त्या संध्याकाळी परत येताना त्याने रेडिओ लावला नाही. शहराचे दिवे दिसू लागल्यावर तो एवढंच म्हणाला, “हे सरांनी पाहायला हवं.”

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या घरी गेली. चौथा मजला, लिफ्ट बंद. सगळे विद्यार्थी ज्यांना काकू म्हणत त्या सरांच्या पत्नीने दार उघडलं आणि काही न विचारता तिला आत ओढलं. सर खिडकीपाशी पायावर शाल घेऊन बसले होते. वाळले होते. गुडघे गेले होते, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. दगडूने वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती सगळी जिन्यातच सांडली. ती उभ्यानेच फरशीबद्दल सांगत सुटली. लाटांच्या वळ्या, लिलींची दिशा, काळा पट्टा कसा सुटला ते. सर खिडकीबाहेर पाहत होते. स्वयंपाकघरात नळ बंद झाला. काकूही ऐकत होत्या.

“उतार किती आहे?” सरांनी विचारलं.

तिने सांगितला.

“मला उतरता येईल?”

ती म्हणाली की जीप खालपर्यंत जाते, शेवटचा तुकडा धरून नेऊ. सरांनी शाल बाजूला केली आणि आतल्या दिशेने विचारलं, “अगं, माझे खाणीतले बूट टाकून तर नाही ना दिलेस?” काकूंनी ते दर वर्षी टाकून द्यायचे ठरवले होते आणि दर वर्षी तेल लावून ठेवले होते. त्यांनी ते माळ्यावरून काढून दिले आणि दगडूला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ह्यांचं ब्लडप्रेशर बघ, पण अडवू नकोस.

दगडूची लेक जीप चालवत होती. तिच्या आईला जिवंत नातेवाइकांपेक्षा मेलेल्या गोगलगायी जास्त ओळखतात, असं ती मैत्रिणींना सांगायची. पण त्या दिवशी तिने सरांचा एक दंड धरला, दंतवैद्याने दुसरा, आणि दोघांनी त्यांना फरशीपर्यंत नेलं. मागून खाणीतल्या एकाने प्लॅस्टिकची खुर्ची आणली. सर खुर्चीवर बसले नाहीत. ते खाली बसले, हात टेकून, गुडघे कुरकुरत. ऊन कलतं झालं होतं. तिरप्या उजेडात प्रत्येक शिंपल्याला, प्रत्येक वळीला स्वतःची सावली आली होती आणि आधी न दिसलेलं कितीतरी वर आलं होतं.

“हा त्यांचा शेवटचा दिवस, सर,” दगडू म्हणाली.

सरांनी मान हलवली. “दिवस म्हणू नकोस. एका थरात शंभर वर्षंही चेपलेली असतात.”

तिला हसू आलं. इतक्या वर्षांनी तिची चूक काढली गेली होती, आणि तिला ते फार बरं वाटलं.

माग दिसला तो लेकीला. तिने विचारलं की ही रेघ कसली, कुणी खिळ्याने ओढलीय का. बोटभर रुंदीची, मधे उथळ चर आणि दोन्ही बाजूंना बारीक टोचे, शिवणीच्या टाक्यांसारखे. दगडू आणि सर दोघेही एकदम वाकले. ते पायांचे ठसे होते. कुणीतरी ह्या चिखलावरून चाललं होतं, पुष्कळ पायांनी.

मग तो म्हातारा माणूस आणि त्याची साठीला टेकलेली विद्यार्थिनी, दोघं रांगायला लागली. माग एका शिंपल्याला वळसा घालून गेला होता. एके ठिकाणी थांबला असावा, तिथे टोचे दाट होते. मग पुन्हा निघाला. लिलींच्या देठांवरून न जाता त्यांच्या कडेने गेला. सरांच्या पँटीचा गुडघा फाटला, त्यांना पत्ता नव्हता. दगडू पुढे, सर मागे. फरशीच्या वरच्या टोकाला काळ्या पट्ट्याचा एक तुकडा, वरच्या थोड्या पिवळ्या थरासह, अजून चिकटून होता. माग सरळ त्याच्या खाली शिरला होता.

दगडूने सरांकडे पाहिलं, काढू का म्हणून. सरांनी मान हलवली. पण हात दोघांचेही धड नव्हते. सरांचे वयाने, तिचे भीतीने. दंतवैद्याने बाही वर केली, खिशातून दातांवरचा मळ काढायची बारीक आकडी काढली आणि फरशीवर पालथा झाला. आयुष्यभर त्याने लोकांना न दुखवता खरवडण्याचा धंदा केला होता. काळा गाळ मऊ होता, पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होता. सुटलेला प्रत्येक तुकडा, वरच्या पिवळ्या थरासकट, लेक ताडपत्रीवर क्रमाने मांडून ठेवत होती. माग पुढे जात राहिला. पाऊलभर. आणखी थोडा. मग चर उथळ झाला, टोचे वाकडेतिकडे पडू लागले, आणि माग संपला. संपला तिथे अंगठ्याच्या नखाएवढा एक ट्रायलोबाइट होता. पुढे तोंड करून. पाठीची पेरं न् पेरं मोजता येत होती.

खाणीत दूर कुठेतरी पंप धडधडत होता.

दगडूला आनंद व्हायला हवा होता. तिचं सगळं म्हणणं त्या नखाएवढ्या जीवाने एकट्याने सिद्ध केलं होतं. पण तिला वाद आठवलाच नाही. तिला फक्त एवढंच दिसत होतं की सगळा समुद्र बिघडत चालला असताना हा चालला होता. शिंपल्याला वळसा घालून, मधे थांबून, पुन्हा निघून. त्याला माहीत नव्हतं की सत्तावीस कोटी वर्षं चाललेल्या आपल्या कुळातल्या शेवटच्यांपैकी आपण एक आहोत. त्याला कुठेतरी जायचं होतं आणि तो जात होता.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग त्या जीवाशेजारी, त्याला न लागेल असा, एक बोट टेकून ते म्हणाले, “मी सगळा जन्म ह्याला मेलेला म्हणत आलो. आणि हा चालत होता.”

थोड्या वेळाने ते तिच्याकडे वळले. “तो दिवसच म्हण. ह्याच्यापुरता तरी दिवसच होता.”

परत जाताना जीपमध्ये सर झोपी गेले, आणि त्यांचं डोकं दगडूच्या खांद्यावर आलं. तिने सबंध वाट खांदा हलू दिला नाही.

गोष्ट इथे संपली असती तरी पुष्कळ झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंचा फोन आला की हे बूट घालून दाराशी बसलेत. त्यांना परत खाणीत नेलं. दगडू आणि तिचे विद्यार्थी फरशीचा साचा घ्यायच्या तयारीला लागले. पाणी भरायच्या आत पातळ रबर ओतून सगळा तळ उतरवून घ्यायचा होता. सरांना काम नव्हतं. रांगणं आता जमण्यासारखं नव्हतं. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ताडपत्रीशेजारी बसले आणि दंतवैद्याने काढलेले तुकडे भिंगाखाली धरून चाळा म्हणून पाहू लागले. काळा गाळ, आणि त्याच्या वरचा मेलेला थर.

दुपारच्या सुमारास त्यांनी हाक मारली. मोठ्याने नव्हे. पण त्या हाकेत असं काही होतं की दगडू रबराची बादली तशीच टाकून गेली.

“हे काय आहे, बघ,” सर म्हणाले. “माझे डोळे आता नवे आहेत, त्यांच्यावर मी अजून पुरता विश्वास ठेवत नाही.”

तिने भिंग घेतलं. पिवळसर तुकडा, पट्ट्याच्या अगदी वरचा. आधी काहीच दिसेना. मग उजेडाकडे वळवल्यावर दिसलं: शिवायच्या दोऱ्याएवढी जाड एक गडद रेघ, वळत वळत तुकड्यातून गेलेली. शेजारी दुसरी. मग तिला दिसतच गेल्या. ती बिळं होती. कुठल्यातरी इवल्या किड्याने चिखल खाऊन, मागे टाकून, पुढे सरकत केलेली वाट.

मेलेल्या थरात कुणीतरी जिवंत होतं.

दगडू ताडपत्रीवर बसली. तिची सगळी कारकीर्द पट्ट्याच्या खाली गेली होती. शेवटचा कोण, शेवटचा कुठे, हेच ती विचारत आली होती. वरच्या थराचे दगड तिने मोजून काही वेळा उचलले असतील, आणि रिकामे म्हणून बाजूला ठेवले असतील. सरांनीही तेच केलं होतं. त्यांच्या आधीच्यांनीही. नव्वद टक्के जाती गेल्या. पाणी कोमट, काळं, गुदमरवणारं झालं. आणि त्या चिखलात, जिथे आदल्या दिवशीचे सगळे धनी पुरले गेले होते, एक दोऱ्याएवढा जीव उलथापालथ करत हिंडत होता. मासे, खेकडे, देवमासे, समुद्रावर उडणारे पक्षी, ही खुर्चीवर बसलेली आणि ताडपत्रीवर बसलेली माणसं, सगळी त्या वेळी मागे उरलेल्या मूठभरांची प्रजा. एवढी मोठी गोष्ट एवढ्या बारीक दोऱ्यावर लटकलेली तिने कधी पाहिली नव्हती.

“आपण दोघं मयताच्या घरी भांडत बसलो,” सर म्हणाले, “आणि शेजारच्या खोलीत पाळणा हलत होता.”

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांनी खिशातून रुमाल काढून दिला. तो दगड पुसायचा रुमाल होता. तिचा चेहरा पिवळा झाला.

साचा निघाला. ट्रायलोबाइट आणि त्याचा सगळा माग फरशीतून कापून बाहेर आणता आला, हे खाणवाल्यांचे उपकार. त्यांनी मोठी करवत आणि माणसं दिली. पंप काढल्यावर खड्डा हळूहळू भरत गेला, आणि काही महिन्यांनी तिथे हिरवट निळं तळं झालं. लेख सरांनी आणि दगडूने मिळून लिहिला. पहिलं नाव कुणाचं यावरून दोघांत पुन्हा वाद झाला, कारण दोघांनाही दुसऱ्याचं आधी हवं होतं. काकूंनी कंटाळून निकाल दिला की ज्याने किडा पाहिला त्याचं नाव आधी. सरांना तो लेख छापून आलेला पाहायला मिळाला, आणि पुढचा एक हिवाळाही. रोज सकाळी चहाच्या वेळी ते फोन करायचे आणि बिळांची जाडी विचारायचे. शेवटच्या आजारात शुद्ध हरपत असतानाही त्यांनी एकदा तिला विचारलं की वळताना ती जाड होतात का बारीक. तिने सांगितलं, जाड. ते म्हणाले, मग तो किडा मागे वळून बघत असणार.

निवृत्त झाल्यावर दगडूने घरी बसावं असं सगळ्यांना वाटत होतं. ती बसली नाही. त्याच काळाचे कडे आणखी देशांत होते, तिथेही पट्टे होते आणि पट्ट्यांवर रिकामे म्हणून सोडलेले थर होते. ती तिथे जाऊ लागली. दंतवैद्याने दवाखाना नव्या डॉक्टरला दिला आणि आकड्यांची पेटी घेऊन तिच्याबरोबर निघाला. आता मी हिचा कंपाउंडर, असं ओळख करून द्यायला लागला.

एका परक्या शहरातल्या प्रयोगशाळेत, उंच खिडक्यांच्या खोलीत, तिने असाच एक तुकडा पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो ज्या कड्यातला होता, तो पहिल्या खाणीपासून अर्धी पृथ्वी दूर होता. भिंगात पिवळा चिखल दिसला, कणाकणांचा, आणि मधून जाणारी तीच दोऱ्याएवढी वाट. तिने काच सावकाश सरकवली. वाट सरळ जात होती. मग तिच्या समोर एक पांढरा तुकडा आला, एका जुन्या शिंपल्याची कपची, पट्ट्याखालून वर आलेली. किड्याला ती लागली होती. तो थांबला होता, थोडा मागे हटला होता, आणि मग कपचीच्या कडेकडेने, तिला अगदी चिकटून, वळसा घालून पुढे निघून गेला होता.

दगडूने डोळा भिंगावरून हटवला आणि नवऱ्याला हाक मारली. तो वाकला. मग खोलीत काम करणारी एक तरुण संशोधक आली, तिच्यामागून दुसरी, मग दारातून जाणारा ग्रंथपाल काय चाललंय म्हणून डोकावला आणि तोही उभा राहिला. एकेक जण वाकून पाहत होता, आणि ज्याची पाळी असेल त्याला उठायला सांगावं लागत होतं.